सुतळीने मोजलेली भरती

आमच्या घरात समुद्र फक्त आजोबांनी पाहिला होता. महूच्या छावणीतून ते लढाईवर गेले तेव्हा जहाजाने गेले होते. त्या प्रवासाबद्दल त्यांनी जे काही सांगितलं ते बाबा एका वाक्यात सांगायचे, "खूप पाणी आणि खूप उलट्या." मी पाच वर्षांची असताना आजोबा वारले, त्यामुळे जास्त विचारायचं राहूनच गेलं.

म्हणून कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला सरांनी प्रोजेक्टचे विषय फळ्यावर लिहिले आणि त्यात 'लाटांपासून वीज करणाऱ्या यंत्रांसाठी समुद्रातली चाचणीची जागा' असा एक विषय दिसला, तेव्हा मी हात का वर केला हे मला अजून नीट सांगता येत नाही. तोपर्यंत पूल, धरण आणि रस्ते बाकीच्यांनी घेऊन टाकले होते, हेही खरं आहे.

सरांनी मला आधी समजावून सांगितलं की आपल्याला यंत्र करायचं नाही. यंत्रं दुसरे लोक करतील. पण ती प्रयोगशाळेतल्या टाकीत चालली म्हणून समुद्रात चालतीलच असं नाही. त्यांना समुद्रात उतरवून बघायला एक ठरलेली जागा लागते. तिथली खोली माहीत हवी, तळाला वाळू आहे की खडक ते माहीत हवं, लाटा किती उंच येतात त्याची नोंद हवी, किनाऱ्यापर्यंत तार नेता यायला हवी, आणि कोळ्यांनी "ठीक आहे, इथे आम्ही जाळी टाकत नाही" असं म्हणायला हवं. "गाडी शिकायला मैदान लागतं ना, तसं," सर म्हणाले. कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी असं मैदान आखायचं काम किनाऱ्यावरच्या एका संस्थेने घेतलं होतं आणि सर त्यांना मदत करत होते. आमच्या वाट्याला त्यातलं अगदी लहान काम आलं होतं. मैदानाच्या चार कोपऱ्यांवर चार पिंपं तरंगत ठेवायची. पिंपं भगव्या रंगाची, हवाबंद. खाली काँक्रीटचा ठोकळा, आणि मध्ये रस्सा. तो रस्सा किती लांब आणि कसा बांधायचा, हे मी ठरवायचं.

शेवटी सर म्हणाले, "पिंपं सोडायला जाऊ तेव्हा जीपमध्ये एका विद्यार्थ्याची जागा आहे. काम नीट झालं तर तू चल."

ती जागा मला हवी होती. इतकी हवी होती की घरी मी तिच्याबद्दल बोललेच नाही. बोललं की जातं असं मला तेव्हा वाटायचं.

घरी तसंही बोलण्यासारखं वातावरण नव्हतं. बाबांची मिल बंद होऊन दोन वर्षं होत आली होती. बाबा तिथे रस्सा-मिस्त्री होते. इंदूरच्या बाहेर हे काम कुणाला माहीत असेल की नाही कोण जाणे, म्हणून सांगते. जुन्या पद्धतीच्या मिलमध्ये खाली एक मोठं चाक फिरायचं आणि त्याच्या खाचांमधून मनगटाएवढे जाड सुती रस्से वरच्या मजल्यांवर जायचे. त्या रश्शांवर सगळं खातं चालायचं. बाबांच्या मिलच्या एका भागात ही पद्धत शेवटपर्यंत राहिली. रस्सा झिजला की बाबा तो कापून जोडायचे, पण गाठ मारून नाही. दोन्ही टोकांचे पेड उलगडून एकमेकांत विणायचे. हा सांधा दोन माणसांच्या लांबीएवढा असायचा आणि रश्शाइतकाच बारीक. जाड झाला तर चाकाच्या खाचेत बसायचा नाही. बाबा अभिमानाने म्हणायचे, "हात फिरव. सांधा सापडला तर माझा पगार तुझा."

मिलला टाळं लागल्यावरही बरेच दिवस ते सकाळी गेटपर्यंत जाऊन यायचे. मग तेही सुटलं. गेटसमोर मिलमधल्याच एका जुन्या जॉबरने, म्हणजे मुकादमाने, एसटीडीचं बूथ टाकलं होतं, तिथे थोडा वेळ बसायचे. आई मल्हारगंजातल्या एका दुकानासाठी परकर शिवायची, तिच्या मशीनचा आवाज सुरू झाला की बाबांना घरात बसवत नसे. जुन्या इंदुरातल्या आमच्या त्या दोन खोल्यांमध्ये कपडे वाळत घालायची एक दोरी होती. ती बाबांनी त्या दोन वर्षांत किती वेळा कापून सांधली असेल, मोजलं नाही. आई म्हणायची, "अहो, चांगली दोरी आहे, तिला का त्रास देता?" बाबा म्हणायचे, "हात विसरू नये म्हणून."

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा मला ती दोरी आठवली. वर्कशॉपच्या उस्तादांनी नायलॉनच्या रश्शाला लोखंडी कड्यात गाठ मारली होती. चेनपुलीने ताण दिला, आणि रस्सा बरोबर गाठीपाशी तुटला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तसंच. सर चष्मा पुसत बसले. मी म्हटलं, "सर, माझे बाबा..." आणि पुढे काय म्हणायचं ते मला सुचेना. मिल बंद आहे, ते घरी असतात, हे उस्तादांसमोर सांगायला जीभ रेटेना. सर म्हणाले, "बाबा काय?" मी म्हटलं, "रस्सा जोडतात."

दुसऱ्या दिवशी बाबा कॉलेजात आले. दहावीपासूनच्या माझ्या शिक्षणात ते माझ्या कुठल्याही वर्गात पहिल्यांदाच येत होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पिशवीत ती त्यांची टोकदार लाकडी खुंटी होती, पेड उघडायची. वर्कशॉपच्या दारात त्यांनी चपला काढल्या. उस्ताद म्हणाले, "अरे मिस्त्रीजी, पहन के आओ, इधर तो लोहे का बुरादा है." बाबा चपला घालून आत आले पण खुर्चीवर बसले नाहीत.

"गाठ में क्या खराबी है, भिया?" उस्तादांनी विचारलं. "कल से तीन मारी हैं."

"गाठीत दोर वाकडा होतो," बाबा म्हणाले. "वाकडा झाला की तिथे त्याचा दम जातो. दोराला वाकवायचं नाही, दोरालाच दोरात परत पाठवायचं."

त्यांनी टोकाचे पेड उलगडले, कड्याभोवतून आणले आणि रश्शाच्या पोटात तीन वेळा ओवले. दहा मिनिटांत झालं. उस्ताद "वा वा" म्हणाले. पुलीने ताण दिला, आणि सांधा हळूहळू घसरत सगळाच्या सगळा बाहेर आला. तुटला नाही, नुसता सुटला. बाबांनी रस्सा उचलून नाकाशी नेला, बोटांनी चोळला, आणि सरांना विचारलं, "एक तुकडा घरी नेऊ का साहेब?"

तो तुकडा त्यांनी संध्याकाळभर खाली ठेवला नाही. आईने दोनदा जेवायला हाक मारली.

"सुतासारखा नाही हा," ते मला म्हणाले. "सूत सुताला धरतं. हा साबणासारखा आहे. तीनदा सांगून ऐकत नाही, पाचदा समजवावं लागेल." मग त्यांनी मेणबत्तीवर पेडांची टोकं वितळवून बंद केली, पाच वेळा ओवलं, दाराच्या कडीला अडकवलं आणि मला म्हणाले, "लटक." मी लटकले. आई म्हणाली, "दार पडेल." दार पडलं नाही आणि सांधाही सुटला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये पुलीने ताण दिला तेव्हा रस्सा दुसरीकडेच कुठेतरी करकरला, सांधा जागचा हलला नाही. सरांनी बाबांना नमस्कार केला. पुढचे आठ दिवस बाबा रोज कॉलेजात यायचे. मी लांबी सांगायची, ते कापायचे. कापण्याआधी प्रत्येक वेळी विचारायचे, "पक्कं? रस्सा कापला की कापला." मी म्हणायची, "पक्कं."

लांबी मी अशी ठरवली होती. सरांकडे त्या किनाऱ्याचा नाविक नकाशा होता आणि त्यावर आमच्या जागी खोली दहा मीटर लिहिलेली होती. रस्सा फार लांब ठेवला तर पिंप वाऱ्याने भटकतं आणि कोपरा कोपरा राहत नाही. म्हणून मी हात आखडता घेतला. दहाला बारा. दोन मीटर लाटांसाठी. मी ते आकडे ड्रॉइंगवर स्वच्छ अक्षरात लिहिले आणि खाली सरांनी सही केली.

मग आम्ही एक पिंप शहराबाहेरच्या एका तलावात सोडून पाहिलं, तिथल्या खोलीला तोच हिशोब लावून. सगळे आले होते, उस्तादसुद्धा. पिंप अगदी ताठ उभं राहिलं. आठवड्याने जाऊन पाहिलं तर तसंच, तिथेच. उस्ताद म्हणाले, "मॅडम, ये तो पुलिसवाले से भी सीधा खड़ा है." बाबा काठावर उभे राहून बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. परत येताना बसमध्ये ते मिलबद्दल काहीच बोलले नाहीत, आणि मला ते बरं लक्षण वाटलं. चारही पिंपं, ठोकळ्यांचे साचे आणि बाबांनी तयार केलेले रस्से ट्रकने किनाऱ्याकडे गेले. आम्हाला दहा दिवसांनी जीपने निघायचं होतं.

त्या दहा दिवसांतली ही गोष्ट. वाचनालयात मुंबईचं एक मराठी वर्तमानपत्र यायचं, एक दिवस उशिरा. मी ते मोठ्या मथळ्यांसाठी वाचायची. शेअरबाजार वर गेला, कुठली परदेशी कंपनी आली, आणि कुठे कुठे गिरण्यांची जमीन विकायचं चाललंय. त्यातल्या एका पानाच्या कोपऱ्यात रोज एक लहान चौकट असायची. भरती अमुक वाजता, इतके मीटर. ओहोटी अमुक वाजता, इतके मीटर. मी ती चौकट कित्येक वर्षं पाहत होते, रेल्वेच्या वेळापत्रकासारखी. आपल्याला त्या गाडीने जायचं नसतं म्हणून आपण वाचत नाही.

त्या दिवशी वाचली. भरतीचा आकडा आणि ओहोटीचा आकडा यांत तीन मीटरहून जास्त फरक होता.

भरती-ओहोटी मला माहीत नव्हती असं नाही. शाळेत भूगोलाच्या पेपरात मी ती आकृतीसह लिहिली होती, सूर्य, चंद्र, पृथ्वी सगळं काढून. पण ती मला पेपरात माहीत होती. आमच्याकडे पाणी आहे तिथे असतं. पावसाळ्यात तलाव चढतो, उन्हाळ्यात उतरतो, त्याला महिने लागतात. सकाळी एक खोली आणि दुपारी दुसरी, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. उस्तादांच्या आणि सरांच्याही आलं नाही. आम्ही सगळे तलावाच्या काठी उभे राहून टाळ्या वाजवत होतो.

मी पळत डिपार्टमेंटला गेले आणि नकाशा उघडला. खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहिलं होतं की खोल्या सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पाण्यापासून मोजलेल्या आहेत. कपाटातल्या भरती-ओहोटीच्या पुस्तकात पाहिलं, तर मुंबईइतकी नसली तरी आमच्या जागी भरती अडीच मीटरपर्यंत चढत होती. म्हणजे साडेबारा मीटर पाणी आणि बारा मीटर रस्सा. पहिल्याच मोठ्या भरतीला पिंपं पाण्याखाली जाणार, किंवा ठोकळ्यांना ओढत कुठेतरी घेऊन जाणार. दोन्हींत कोपरा राहणार नव्हता.

हे सरांना लगेच सांगायला हवं होतं. मी दोन दिवस सांगितलं नाही. सांगितलं की जीपमधली जागा गेली, हे मला दिसत होतं. ज्या मुलीला समुद्रात पाणी चढतं हे माहीत नाही तिला समुद्रावर कशाला नेतील? आणि बाबांचे रस्से. आठ दिवस ते रोज इस्त्रीचा शर्ट घालून निघत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा नळावर पाणी भरत होते, तेव्हा मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"बाबा, रस्से आखूड पडले."

"किती?"

"दोन-तीन मीटर. चारही."

त्यांनी बादली बाजूला केली आणि दुसरी लावली. "कापताना विचारलं होतं ना मी?"

"हो."

"मग तलावात कसं बरोबर आलं?"

"तिथे पाणी वर-खाली होतं बाबा. समुद्रात. रोज दोनदा."

"कुठून येतं?"

मी त्यांना चंद्राचं सांगितलं. नळाची रांग मागे थांबलेली होती आणि शेजारच्या काकूही ऐकत होत्या. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"मतलब, चंद्राने माझा रस्सा आखूड केला."

"चंद्राने नाही. मी."

"सरांना सांगितलं?"

"नाही. सांगितलं तर मला नेणार नाहीत." तेव्हा पहिल्यांदा घरी कुणाला कळलं की मला नेणार होते.

काकू म्हणाल्या, "हाय बाई, एवढ्या लांब? पोरीला?" बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते म्हणाले, "रस्सा ढिला झाला की आधी चाकाला कळायचं, मग मला. साहेबाला शेवटी कळायचं. पण आम्ही सांगितलं नाही असं कधी झालं नाही, बेटा. वरच्या मजल्यावर बाया काम करायच्या, तुटला तर त्यांच्या अंगावर." मग त्यांनी भरलेली बादली उचलली. "चल, हट. आणि आंघोळ करून जा."

सरांच्या टेबलावर मी नकाशा आणि वर्तमानपत्राचं कात्रण ठेवलं. सांगताना माझी दोन वाक्यं अर्धवट राहिली. सर नकाशाच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचत राहिले, मग ड्रॉइंग मागवलं.

"यावर सही कुणाची आहे?"

"तुमची, सर."

"मल्हारगंजात वाढलो मी," ते म्हणाले. "आमच्या गल्लीत दोन माणसं एकावेळी जाऊ शकत नाहीत, समुद्र कुठून माहीत असणार? तलावात किती छान उभं राहिलं होतं, नाही?" आणि ते हसले.

मग आम्ही कागदावर पुन्हा हिशोब केला. प्रत्येक रस्सा तुकडा जोडून तीन मीटरने वाढवायचा. पण रस्से तिकडे पोचले होते, म्हणजे जोडकाम तिथे करावं लागणार होतं. जीपमध्ये ड्रायव्हर, सर, संस्थेचे दोघं आणि सामान होतं. उरलेली जागा एक होती. ते मला दिसत होतं आणि सरांनाही दिसत होतं. मी म्हटलं, "सर, बाबांना न्या."

खरं सांगायचं तर म्हणताना मला वाटत होतं की ते नाही म्हणतील. ते म्हणाले, "हो, तसंच करावं लागेल."

बाबा आधी तयारच होईनात. "तिची जागा आहे ना," ते आईला सांगत होते, जणू मी तिथे नव्हते. आई मशीन न थांबवता म्हणाली, "तिनेच दिलीय. आता नखरे करू नका. आणि स्वेटर न्या." "समुद्रावर स्वेटर?" "तुम्हाला काय माहीत तिथे काय असतं?" ते स्वेटर घेऊन गेले.

ते सहा दिवस मी वाचनालयात जाऊन ती चौकट वाचायची. भरती किती वाजता, किती मीटर. एक दिवस उशिराची असली तरी. मला वाईट वाटत होतं हे मी लपवणार नाही. लहानपणी इंदूरच्याच लालबागेतल्या मेळ्यातल्या नावेच्या झोपाळ्यात बसले होते तेवढाच माझा लाटांचा अनुभव होता, आणि आता तो तेवढाच राहणार असं वाटत होतं.

बाबा सातव्या दिवशी सकाळी आले. काळे पडले होते. चहा झाल्यावर कप हातात घेऊन म्हणाले, "तिथे सगळ्यांना सांधा येतो."

"म्हणजे?"

"कोळ्यांना. सगळ्यांना. दहा वर्षांच्या पोरालासुद्धा. खुंटीपण तशीच, माझ्यासारखी. मला कशाला नेलं सरांनी?"

आई हसायला लागली. मला आधी कळेना की हसावं की काय करावं. माझी जागा मी ज्या कामासाठी सोडली ते काम करणारी माणसं किनाऱ्यावर होतीच, गावभर. इंदुरातून समुद्रावर रस्सा जोडायला माणूस नेणं हे फक्त आम्हीच करू शकत होतो. आमची ही दुसरी चूकही पहिल्याच जातीची होती. मग मीही हसले.

"तिथल्या एका म्हाताऱ्याने रस्सा बघून विचारलं, हा कुणी मापला?" बाबा सांगत होते. "मी म्हटलं, माझ्या मुलीने. म्हणाला, कुठे असते? म्हटलं इंदूरला. म्हणाला, असं होय, मग ठीक आहे."

"मग तुम्ही काय केलंत तिथे सहा दिवस?" आईने विचारलं.

"त्यांचा सांधा जाड असतो," बाबा म्हणाले. "चालतं त्यांना, त्यांचा रस्सा खाचेतून जायचा नसतो. मी म्हटलं, मी करतो. चारही रस्से मी मिलच्या पद्धतीने जोडले, लांब सांधा. वेळ लागला. तो म्हातारा शेजारी बसून होता. झाल्यावर त्याने हात फिरवला. दोनदा फिरवला. मग पोरांना बोलावलं आणि सांगितलं, शोधा कुठे जोडलाय." बाबांनी चहा संपवला. "सापडला नाही."

मी विचारलं, "आणि समुद्र?"

"आवाज आहे," ते म्हणाले. "थांबत नाही. पहिल्या दिवशी वाटलं त्रास होईल. पण मिल बंद झाल्यापासून अशी झोप लागली नव्हती."

मग त्यांनी पिशवीतून सुतळीचं एक गुंडाळं काढलं. तिथल्या धक्क्याच्या एका खांबावर त्यांनी पाणी सगळ्यात खाली गेलं तिथे खडूने खूण केली होती आणि सगळ्यात वर चढलं तिथेही, आणि दोन खुणांमधलं अंतर सुतळीने मोजून दोन्ही टोकांना गाठी मारल्या होत्या. "तू विचारशील म्हणून," ते म्हणाले. मी एक गाठ फरशीवर पायाने दाबली आणि त्यांनी दुसरी वर नेली. हात पूर्ण उंच करूनही सुतळी उरली. त्यांना शिवणाच्या स्टुलावर चढावं लागलं. आई म्हणाली, "एवढं पाणी? रोज?" बाबा वरून म्हणाले, "दोनदा."

मी टेपने मोजलं. भरतीच्या पुस्तकातल्या आकड्यापेक्षा वीतभर जास्त भरलं.

"तुम्ही लाट मोजलीत बाबा. लाट बाजूला ठेवून मोजायचं असतं."

"खांब जिथवर ओला झाला तिथवर मापलं. पाणी तिथे आलं होतं की नाही?"

"आलं होतं, पण..."

"मग? रस्सा काय पुस्तकातल्या पाण्याला बांधायचा आहे?"

मी सरांना ती सुतळी दाखवली. त्यांनी नवीन ड्रॉइंग करायला सांगितलं आणि या वेळी खोलीच्या जागी दोन आकडे लिहायला लावले, ओहोटीचा आणि भरतीचा. सही करण्यापूर्वी त्यांनी ते दोन्ही मला मोठ्याने वाचायला लावले.

पावसाळ्याआधी पिंपं काढून आणायची असतात, कारण तेव्हाच्या समुद्रात ती टिकत नाहीत. मे महिन्यात, परीक्षा संपल्यावर, सर म्हणाले, "आता सांध्याचं काम नाही. चल." आई काकूंशी दोन दिवस भांडली आणि मी गेले. पोचलो तेव्हा भरती होती. मी जीपमधून उतरून आधी पिंपं मोजली. चारही वर होती, भगवी, थोडी कलंडलेली, तलावातल्यासारखी ताठ मुळीच नाहीत, पण आपापल्या कोपऱ्यावर.

मग धक्क्यावर जाऊन मी तो खांब शोधला. खडू केव्हाच धुऊन गेला होता. ओहोटी होईपर्यंत तिथेच बसून राहिले आणि पाणी अगदी खाली गेल्यावर एका कोळ्याच्या मुलीला सुतळीची खालची गाठ पाण्याशी धरायला सांगितली. वरची मी खांबाला लावली आणि तिथे खडूने खूण केली. पुढच्या भरतीला मी त्या खुणेवर बोटं ठेवली तेव्हा पाणी तिच्या वीतभर खाली थांबलं होतं. मी तसंच वहीत लिहिणार होते, तेवढ्यात एक लाट आली, खांबावर चढली आणि माझी बोटं भिजली.